दिवटे नळी

दुसरा अणू सापडला तेव्हा डॉ. केतकी मोहिते भाकरी खात होती. जतच्या माळावरच्या त्या त्वरक केंद्रात जेवणासाठी ऐसपैस दालन होतं, पण तिथल्या गप्पांत केतकीचा जीव रमत नसे. ती डबा घेऊन नियंत्रण कक्षाबाहेरच्या कट्ट्यावर बसायची. समोर खुरट्या बाभळी, त्यांच्या पलीकडे पवनचक्क्या, आणि पायांखाली, जमिनीत खोल, ते अजस्र यंत्र.

रियाझ मुजावर डिटेक्टर सांभाळायचा आणि सहसा आपली खुर्ची सोडायचा नाही. आज तो दार उघडून बाहेर आला.

"मॅडम, आलाय," तो म्हणाला. "पहिल्यासारखाच. अगदी तसाच."

केतकी हात न धुताच आत गेली.

काय आलं होतं, ते नीट सांगायला हवं. शाळेत आपण जी आवर्तसारणी शिकतो, तिच्यात मूलद्रव्याचा क्रमांक म्हणजे त्याच्या अणुकेंद्रातल्या प्रोटॉनची संख्या. हायड्रोजनचा एक, सोन्याचे एकोणऐंशी. निसर्गात ब्याण्णवपर्यंतची, म्हणजे युरेनियमपर्यंतची घरं भरलेली सापडतात. पुढची माणसाने भरली. त्यासाठी दोन लहान केंद्रं एकमेकांवर आदळवून एक मोठं करायचं. जतच्या केंद्रात कॅलिफोर्नियमच्या केसाहून पातळ पत्र्यावर क्रोमियमच्या केंद्रांचा मारा अखंड चालू असे. कॅलिफोर्नियमचे अठ्ठ्याण्णव आणि क्रोमियमचे चोवीस, मिळून एकशे बावीस. बेरीज पोरासोरांना जमावी अशी. पण निसर्ग ती अब्जावधी अब्ज धडकांतून एखादे वेळीच होऊ देतो. बाकी वेळा केंद्रं आदळतात, फुटतात, विखुरतात. आणि झालाच एखादा अणू तयार, तर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत मोडून जातो, बहुधा दोन प्रोटॉनांचा एक 'अल्फा' कण बाहेर फेकत.

एकशे बावीसची गोष्ट मात्र निराळी असेल अशी आशा होती. जड अणूंच्या त्या क्षणभंगुर समुद्रात कुठेतरी स्थैर्याचं एक बेट असावं, तिथले अणू मिनिटभर, कदाचित तासभरही तग धरतील, असं भौतिकशास्त्रज्ञ पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. २०५८ साल उजाडेपर्यंत एकशे एकवीसपर्यंतची घरं इतर देशांनी भरली होती. त्या बेटाला मात्र अजून कुणाचे पाय लागले नव्हते. एकशे बावीसला तूर्त 'उनबायबियम' म्हणत. ते काही खरं नाव नव्हे. नुसती आकड्यांची मोळी. बारसं होईपर्यंत पाळण्यातल्या जिवाला 'बाळ' म्हणावं, तसं.

अणू मिनिटभर जगणार असेल तर त्याचं रसायनही तपासता येतं. पण हाताशी एकच अणू असताना तपासायचं कसं? त्यासाठी दिवटे नळी होती. हातभर लांबीची, आतून सोन्याचा मुलामा दिलेली नळी. एक टोक भट्टीसारखं तापलेलं, दुसरं बर्फाहून थंड. अणू वायूच्या झोतात तापल्या टोकातून आत शिरतो, सोन्याच्या भिंतीवर आपटत आपटत पुढे जातो, आणि जिथे पुन्हा उसळायची ऊब उरत नाही तिथे चिकटून बसतो. कुठे बसला यावरून सोन्याशी त्याचं नातं किती घट्ट ते कळतं, आणि त्यावरून त्याचं कुळ. लग्नाच्या पंगतीत माणूस कुणाशेजारी जाऊन बसतो हे पाहून तो कुणाकडचा ते ओळखावं, तशातला प्रकार.

अशा प्रयोगांच्या साऱ्या जगात दिवटे नळी होती. पाठ्यपुस्तकांत तिचं चित्र होतं. दिवटे कोण असं विचारलं, तर बहुतेक जण म्हणत, असतील कुणी गेल्या शतकातले गृहस्थ.

केतकीला ठाऊक होतं. दिवटे मिरजेत राहत होत्या, त्यांचं वय अठ्ठ्याऐंशी होतं, आणि केतकीला रसायनशास्त्र त्यांनीच शिकवलं होतं.

इचलकरंजीच्या मागांच्या खडखडाटात वाढलेली शकुंतला दिवटे कोल्हापुरात संशोधन करत होती तेव्हाची ही गोष्ट. मुलाम्यासाठी तिने सोनं मागितलं, तर विभागातल्या लोकांनी हसून विषय टाळला. तिने कानांतल्या कुड्या काढून दिल्या. नळी चालली. तिने तिच्यावर दोन निबंध लिहिले आणि त्यांवर नाव घातलं, एस. दिवटे. मग तिचं लग्न झालं. नवऱ्या मुलाने ताटातल्या तांदळात अंगठीने 'मेघना' असं लिहिलं आणि ती मेघना वरुटे झाली. पुढची सगळी कारकीर्द, देशोदेशीची व्याख्यानं, एकेका अणूचं रसायन शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या, हे सारं वरुटेबाईंचं. दिवटे आणि वरुटे ही एकच व्यक्ती, हे जगाने कधी ताडून पाहिलं नाही. बाई स्वतःच्या लेखनातही 'दिवटे नळी' असंच लिहीत, तिऱ्हाइताबद्दल लिहावं तसं.

"बाई, तुम्ही सांगत का नाही कुणाला?" केतकीने विद्यार्थिनी असताना विचारलं होतं.

"नळी चालते ना? मग झालं," असं म्हणून बाई कामाला लागल्या होत्या.

केतकीचं मात्र झालं नव्हतं. जतला एकशे बावीसचं काम हाती घेतलं त्याच दिवशी तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, की मूलद्रव्य सापडलं तर त्याचं नाव दिवटियम.

केंद्राचे संचालक डॉ. बोकील यांना ते नाव फार आवडलं. बोकील वाईट माणूस नव्हते. हे केंद्र उभं राहावं म्हणून त्यांनी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, आणि पुढच्या वर्षी ते चालू राहील की नाही याची धास्ती त्यांना एकट्यालाच खात होती.

"दोन अणू. दोन्हींच्या अल्फा कणांची ऊर्जा सारखी. दोन्ही नळीत एकाच जागी बसले," ते म्हणाले. "मोहितेबाई, विज्ञानदिनाला मंत्री येतायत. त्याच व्यासपीठावर शोधही सांगू आणि नावही. विणकराची मुलगी, कुड्यांचं सोनं... लोक डोक्यावर घेतील."

"अजून एखादा अणू मिळाला असता तर बरं झालं असतं, सर."

"कोरियावालेही याच्याच मागे आहेत, ते थांबणार आहेत का? आणि तुमच्या बाईंच्या हृदयाची झडप किती दिवस थांबेल? स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जिवंतपणी असा मान मिळालेली माणसं जगात दोन-तीनच. उशीर करून काय मिळवणार?"

हे केतकीच्याच मनातलं होतं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेला निघाली.

बाईंचं घर सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीमागे होतं. खाली कुणीतरी तारा जुळवत होतं आणि एकच सूर पुन्हा पुन्हा वर येत होता. दार सुहासदादांनी उघडलं. हे बाईंचे चिरंजीव. पुण्यातून निवृत्त होऊन आईच्या दुखण्यासाठी मिरजेत येऊन राहिले होते. बाई खिडकीशी आरामखुर्चीत होत्या. अंग पार वाळलं होतं, पण डोळ्यांत पूर्वीचीच तरतरी.

"मिळालं, बाई," केतकी म्हणाली. "एकशे बावीस. दोन अणू."

"नळीत कुठे बसले?"

"मध्यावर. गंमत तीच आहे. थोरियमच्या कुळातलं, म्हणून त्याच्यासारखं तापल्या तोंडाशीच अडकेल असं सगळे धरून चालले होते. हे चांगलं आत शिरलं. म्हणजे याचं कुळच वेगळं." केतकीला राहवेना. "आणि नाव ठरलंय. दिवटियम."

सुहासदादा चहाचे कप घेऊन येत होते, ते दारातच थांबले.

"दिवटियम?" ते म्हणाले. "वरुटियम का नाही?"

"दादा, नळी दिवट्यांची आहे."

"जगाला आई वरुटे म्हणून माहीत आहे. आणि बाबांनी काय कमी केलं? ही प्रयोगशाळेत असायची तेव्हा आम्हाला वरणभात कालवून भरवायचे ते. शेजारीपाजारी हसायचे त्यांना. त्यांचं नाव कुठेच नको?"

वरुटेकाकांच्या हातचा वरणभात तिनेही खाल्ला होता.

"सुहास, कप ठेव, निवतील," बाई म्हणाल्या. मग केतकीकडे वळून त्यांनी विचारलं, "किती जगले?"

"पहिला पन्नास सेकंद. दुसरा चाळीस."

"अल्फाची ऊर्जा?"

केतकीने सांगितली.

"आणि त्याच्या पुढे? एकशे बावीसमधून अल्फा गेला की एकशे वीस उरतं. तेही मोडतं, मग एकशे अठरा. जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखी सगळी साखळी दिसायला हवी."

इथे केतकीचा आवाज किंचित उतरला. "पुढचं दोन्ही वेळा दिसलं नाही. डिटेक्टरच्या कडेने निसटलं असं आम्ही धरलंय."

"दोन्ही वेळा?"

खालचा सूर थांबला होता. बाईंनी डोळे मिटून घेतले, आणि केतकीला वाटलं, दमल्या असतील. पण बाई आठवत होत्या.

"पोलोनियम," त्या म्हणाल्या. "पत्र्यात शिशाचा अंश असला, की क्रोमियमचा मारा बसून त्याचं पोलोनियम होतं. त्यातलं एक खवळलेलं रूप आहे. पाऊण मिनिट जगतं, आणि जाताना असा जोरकस अल्फा फेकतं की थेट जड मूलद्रव्याचा वाटावा. नंतर काही नाही, कारण खाली उरतं ते साधं शिसं. चांगल्या चांगल्यांना फसवलंय त्याने. आणि ते सोन्यावर मध्यावरच बसतं."

"पण पत्र्याच्या शुद्धतेचं प्रमाणपत्र आहे, बाई."

"प्रमाणपत्र वाचलंस. पत्रा पाहिलास का?"

पत्रा पाहायचा म्हणजे मारा थांबवायचा, पत्रा बाहेर काढायचा, त्याचा तुकडा विरघळवून तपासायचा. मग तो पुन्हा वापरता येत नाही. दुसरा बनवून घ्यायला अर्धं वर्ष. तोवर कोरिया पुढे निघून जाणार, हे दोघींनाही कळत होतं.

"बाई, मला तुमचं नाव तुम्हाला परत द्यायचंय," केतकी म्हणाली. "आणि थांबायला..."

"थांबायला माझ्याकडे वेळ नाही, असंच ना? बोल की. डॉक्टरही तेच म्हणतो." बाई हसल्या. "पण एक लक्षात घे. मूलद्रव्याचं नाव एकदाच वापरता येतं. जाहीर केलंस आणि शोध खोटा ठरला, की ते नाव जळालं. दुसऱ्या कुठल्याही मूलद्रव्याला ते पुन्हा देत नाहीत. घोटाळा होऊ नये म्हणून नियमच आहे तसा. तांदळात लिहिलेलं निदान पुसता तरी येतं."

"मग काय करू?"

"ते मी नाही सांगणार. प्रयोगशाळा तुझी आहे. मी फक्त विचारलं, पत्रा पाहिलास का."

केतकी परत निघाली ती थेट केंद्रावर गेली नाही. जतच्या अलीकडे गाडी बाजूला लावून ती माळावर चालत राहिली. एकीकडे तिला वाटत होतं, बाईंची शंका ही म्हातारपणाची अतिकाळजी असेल. दोन अणू खरे असतील, आणि आपण पत्रा फोडून स्वतःच्या हाताने शोध घालवून बसू. दुसरीकडे ते हरवलेले दुवे. ते तिलाही पहिल्या दिवसापासून सलत होते. फक्त नावाच्या ओढीने तिने त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. हे नाव नसतं तर आपण रियाझला काय सांगितलं असतं, असं तिने स्वतःला विचारलं. उत्तर लगेच आलं, आणि ते आवडलं नाही.

दुपारी तिने मारा थांबवला.

बोकील धावतच आले. ते ओरडले नाहीत. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "निमंत्रणं गेली आहेत," ते म्हणाले. "तुम्हाला कल्पना आहे का, याची किंमत कोण मोजणार?"

"आहे, सर. पण आधी सांगून मग मागे घेतलं असतं, तर ती किंमत याहून मोठी होती."

"आणि पत्रा स्वच्छ निघाला तर?"

"तर मी राजीनामा देईन. पण मला बघायचंय."

पत्रा विरघळवला. कॅलिफोर्नियमला आधार देणाऱ्या टायटेनियमच्या थरात शिसं सापडलं. अगदी नखाएवढंही नाही, दहा लाखांत काही कण. पण तेवढं पुरेसं होतं. दोन्ही अणू पोलोनियमचे होते. केतकी तो आकडा कितीतरी वेळ पाहत राहिली. आपण काही गमावलं की वाचवलं, ते तिला त्या क्षणी नीट कळेना. विज्ञानदिनाला मंत्री आले, पवनचक्क्यांवर भाषण करून गेले. केतकीच्या नावाने कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण बाहेरच्या जगाच्या लेखी काही घडलंच नव्हतं. पुढच्या वर्षीचा निधी निम्म्यावर आला आणि तिच्या गटातले दोघे जण दुसरीकडे गेले.

बाईंना तिने फोनवर सांगितलं. "शिसं होतं, बाई."

"बरं झालं पाहिलंस," बाई म्हणाल्या. आणि जरा थांबून, "पोळीबिळी खाल्लीस का आज?"

नवा पत्रा येऊन मारा पुन्हा सुरू झाला, त्यानंतर थोड्याच दिवसांनी कोरियाची बातमी फुटली. तिथल्या गटाला एकशे बावीसचे चार अणू मिळाले होते, चारही पूर्ण साखळीसकट. जिन्याची एकेक पायरी स्पष्ट. शोध त्यांचा होता, यात वादच नव्हता. रियाझने बातमी वाचली आणि डिटेक्टरच्या तारा तपासायला घेतल्या. केतकी कट्ट्यावर जाऊन बसली. डबा तिने उघडला नाही. आता नाव ठेवण्याचा मान त्यांचा; आणि आपण बाईंना काय दिलं, तर एक रिकामा पाळणा.

त्याच आठवड्यात कोरियन गटाच्या प्रमुख डॉ. सो यांनी तिच्याशी पडद्यावर बोलायची वेळ मागितली. सो साठीच्या, बारीक चणीच्या बाई होत्या. दोघी इंग्रजीत बोलल्या. सोंना दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली ही, की शोधाला मान्यता मिळायची तर दुसऱ्या स्वतंत्र प्रयोगशाळेने तो पडताळायला हवा, आणि तसा पत्रा आता जगात त्यांच्याखेरीज फक्त जतला होता.

"तुम्ही मारा मध्येच थांबवल्याचं कानावर आलं होतं," सो म्हणाल्या. "का थांबवलात, ते आमच्यातले सगळे समजून आहेत. म्हणून पडताळणी तुमच्याकडूनच व्हावी असं वाटतं."

"आनंदाने करू," केतकी म्हणाली. तिला ते मनापासून वाटतंय हे लक्षात आल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. "आणि दुसरी गोष्ट?"

"दुसरीत तुमची मदत हवी. नाव आमच्या देशाचं ठेवावं असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. पण आमच्या गटातला प्रत्येक जण त्या नळीवर काम शिकला. आम्हाला डिवेट यांचं नाव द्यायचं आहे. अडचण अशी, की हा माणूस सापडतच नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस दोन निबंध लिहिले आणि नाहीसा झाला. फार लवकर गेले असावेत. भारतात त्यांचं कुणी नातेवाईक असेल का?"

"उच्चार दिवटे असा आहे," केतकी म्हणाली. "आणि तो माणूस नाही, त्या बाई आहेत. तुम्ही त्यांना भेटला आहात. त्यांनी तुमच्या संस्थेत व्याख्यानंही दिली आहेत. डॉ. मेघना वरुटे."

सोंनी हळूच कपाळाला हात लावला. "आमच्याकडे लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही," त्या म्हणाल्या. "त्यामुळे तसं शोधावं हे सुचलंच नाही. मी त्यांच्या समोरच्या रांगेत बसले होते. नळीबद्दल प्रश्नही विचारला होता मी त्यांना. त्या म्हणाल्या, 'दिवटे असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.'"

दोघी हसायला लागल्या, आणि हसता हसता केतकीचे डोळे भरून आले. तिने ते लपवले नाहीत.

मिरजेला ती संध्याकाळी पोचली. बाई मधल्या काळात इस्पितळातून जाऊन आल्या होत्या आणि आता पलंगावरच असायच्या. केतकीने आधी कोरियाच्या अणूंचं सांगितलं. ते तोंडाशीच अडकले होते, पण थोरियमपेक्षा जरा आत.

"जरा आत?" बाई उठून बसायचा प्रयत्न करू लागल्या. "मी तर म्हणत होते थोरियमच्याही आधी बसेल. म्हणजे माझा हिशोब चुकला. इलेक्ट्रॉन तिथे काहीतरी निराळंच करतायत. सुहास, मला उशी दे पाठीला. किती आत, केतकी? अंश सांग."

त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की केतकीला नावाचं सांगायला बराच उशीर झाला. शेवटी तिने तेही सांगितलं.

"त्यांना कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. "तू?"

"नाही, बाई. त्या दिवटेंना शोधत आल्या. मी फक्त पत्ता दिला."

बाईंनी मान हलवली. मग त्या सुहासदादांकडे पाहून म्हणाल्या, "तुझ्या मनात नसेल तर मी नाही म्हणेन. तुझे बाबा सोन्यासारखा माणूस होते. नाव बदललं ते त्यांनी नाही रे, रीतच होती. मेघना हे नावही त्यांच्या अक्कांनी सुचवलेलं. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं, मलाही नाही."

सुहासदादा उशी नीट करत होते. ती करून झाल्यावरही त्यांचे हात तिथेच राहिले.

"आई, माझ्या नावात मी, बाबा आणि वरुटे," ते म्हणाले. "आयुष्यभर सह्या केल्या. तू त्यात कुठेच नाहीस, हे मला त्या दिवशी केतकी गेल्यावर सुचलं. बाबांचं नाव मी लावतोय, पोरं लावतायत. ते कुठे जाणार नाही. तू हो म्हण."

बाईंनी हो म्हटलं. कोरियाला पाठवायच्या संमतीवर त्यांनी सही केली, आणि सहीत शकुंतला लिहिताना त्या एकदा अडखळल्या. हाताला ते वळण राहिलं नव्हतं.

वरुटेबाई जगतील असं वाटलं होतं त्याहून जास्त जगल्या, असं त्यांचे डॉक्टर पुढे सांगत. पडताळणी सुरू आहे म्हटल्यावर त्यांना मिरजेत चैन पडेना. सुहासदादा त्यांना चाकांच्या खुर्चीतून जतला घेऊन येऊ लागले. बाई नियंत्रण कक्षात एका बाजूला बसायच्या, नळीच्या तापमानावरून रियाझशी हुज्जत घालायच्या, मधूनच त्यांचा डोळा लागायचा. बोकील जाता-येता त्यांच्याशी बोलायला थांबत. निधीचा विषय मात्र काढत नसत. असे कितीतरी आठवडे गेले. पत्रा स्वच्छ होता, मारा चालू होता, आणि काहीच येत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी ऊन तिरकं होऊन काचेवर आलं होतं. बाई जाग्या होत्या. डिटेक्टरवर एक खूण उमटली. काहीतरी जड येऊन नळीच्या तोंडाशी बसलं होतं. अशा खुणा आधीही उमटल्या होत्या आणि फुकट गेल्या होत्या, म्हणून कुणी काही बोललं नाही. केतकी बाईंच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. सेकंद जात राहिले. मिनिट उलटलं, आणि पहिला अल्फा आला. ऊर्जा बरोबर कोरियाने सांगितली तेवढी. दुसरा आला. तिसरा. मग चौथा आणि पाचवा, एकामागून एक, घाईने जिना उतरणाऱ्या माणसाच्या पावलांसारखे, आणि शेवटी केंद्र दोन तुकड्यांत फुटल्याची ती मोठी, नि:शंक खूण.

रियाझने आकडे एकदा पाहिले, पुन्हा पाहिले. त्याला काही समारंभ करायचा नव्हता. त्याने रोजच्या आवाजात बोलून नोंद केली:

"दिवटियम. अणू एक. साखळी पूर्ण."

बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. लहानपणापासून लग्नापर्यंत हजेरीला ऐकलेलं, आणि मग साठ वर्षांहून जास्त काळ त्यांचं म्हणून कुणीही न घेतलेलं ते नाव, एका कामात गुंतलेल्या माणसाने सहज घेतलं होतं. त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर थोडा वर उचलला गेला, वर्गात बसलेल्या मुलीचा उचलला जातो तसा, आणि तो तसाच राहिला.

"हजर," बाई म्हणाल्या.

रियाझला वाटलं, त्या त्यालाच काही विचारतायत, म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. केतकीने त्याला नुसतं खुणेने सांगितलं, काही नाही, चालू दे.